निळ्या ड्रममधलं पाणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या बहिणीला नाही, मुलाला तर नाहीच. देवापुढे रोज उभी राहते, त्यालाही नाही — म्हणजे त्याला ठाऊक असेल, पण मी माझ्या तोंडाने कधी उच्चारलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या बिल्डिंगमधले नाही. उद्या सकाळी लिफ्टमध्ये तुमची आणि ह्यांची गाठ पडणार नाही. एवढंच कारण आहे.

तशी गोष्ट माशांची. ऐकणारा म्हणेल, अहो ताई, मासे मेले, त्यात काय एवढं? आणि आम्ही रत्नागिरीकडची माणसं. आमच्याकडे मेलेला मासा घरात आला की बाई वाटण काढायला बसते. मीही बरेच दिवस स्वतःची अशीच समजूत घातली. मासे तर होते. पण मग ती आठवण आली की अजून हातातलं काम थांबतं ते का? म्हणजे थांबायचं. आता थांबतही नाही. आता आठवलं तरी मी भाजी चिरत राहते.

आधी ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे म्हणजे माझे मिस्टर. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला होते. ताटाला चरा कुठे गेलाय, पेल्याचा काठ कुठे वाकलाय, जन्मभर तेच बघितलं. आणि मग घरी येऊनही तेच. किल्ली जागेवर नाही. गॅसचं बटण नीट फिरवलं नाहीस. गॅलरीचं दार उघडं टाकून झोपलीस. "तुझ्या लक्षात काही राहत नाही." लग्न होऊन आले तेव्हापासून हे वाक्य ऐकतेय. अंगावर हात कधी टाकला नाही, दारू नाही, शिवी नाही. माणूस चांगला आहे. फक्त हे वाक्य. पाहुण्यांसमोर, माझ्या भावासमोर, निखिलसमोर — निखिल लहानपणी माझ्याच पदराला हात पुसत म्हणायचा, "आईच्या लक्षात काही राहत नाही." सगळे हसायचे. मीही हसायचे. काय करणार?

आणि खोटं का बोलू, मी विसरायचे. दूध उतू जायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसले तर मध्येच कुणाचा फोन यायचा. पण ज्या बाईला रोज सकाळ-संध्याकाळ सांगितलंय की तू विसरणार आहेस, ती दुसरं काय करणार? हे आपलं मी म्हणतेय. सबब म्हणून नाही म्हणत. पुढचं ऐका.

हे रिटायर झाले आणि दिवसभर घरात. मग काय, डोक्यावर मिऱ्या वाटायलाच बसले. फोडणीत मोहरी तडतडायच्या आधी कढीपत्ता का टाकलास इथपर्यंत गाडी आली. मला वाटायचं, ह्यांना कोणीतरी घेऊन जा, कुठेही न्या, दोन तास तरी न्या. तेव्हा ते मासे आले, आणि खरं सांगायचं तर ते मासे माझ्यासाठीच आले होते. त्यांनी ह्यांना माझ्या मानगुटीवरून उतरवलं.

भाईंदरच्या केबिन रोडला कसलीशी वस्तू बदलून आणायला गेले होते हे, आणि तिथल्या माशांच्या दुकानापुढे उभे राहिले. चपटे, चांदीसारखे मासे, तळहातात मावतील एवढे, पाठीच्या पंखाला पिवळी झाक आणि डोळ्यावरून काळा पट्टा. मोनो म्हणतात त्यांना. दुकानदार म्हणाला, "काका, अकेला मत लो, झुंड में रहनेवाला मच्छी है." हे एकदम झुंडच घेऊन आले. आणि टाकी, आणि दगड, आणि हवेची मशीन. हॉलमध्ये सोफ्याच्या समोर, जिथे माझी शोकेस होती तिथे टाकी बसली. शोकेस आत गेली. मला विचारलं नाही, पण ते सोडा.

मग मोबाइलवर बघून बघून ह्यांना कळलं की हे मासे खाडीच्या तोंडावरचे. ना नदीचे, ना समुद्राचे. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीचं बाहेर जातं, त्या मचूळ पाण्यात थव्याने राहणारे. दुकानदाराने बिनधास्त सांगितलं होतं, मीठे पानी में भी चलता है — म्हणजे आपल्या साध्या पाण्यातही. "चलता है म्हणजे मरत नाहीत लगेच," हे म्हणाले. "चालणं वेगळं आणि जगणं वेगळं." आणि मग सुरू झाला तो मिठाचा उद्योग.

वॉशिंगच्या बाल्कनीत एक निळा ड्रम आला. दर आठवड्याला त्यात नळाचं पाणी भरायचं, क्लोरिन मारायचे थेंब टाकायचे, त्या माशांसाठीचं समुद्री मीठ मापाने घालायचं आणि पीव्हीसीच्या पाइपने ढवळायचं. मग ते पाणी मुरू द्यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकीतलं जुनं पाणी थोडं काढून हे नवं घालायचं. काचेचा एक तरंगता काटा होता, तो पाण्यात सोडून मीठ किती ते बघायचे; मीठ कमी असलं की काटा खाली बुडतो. पुढे पुढे काटाही लागेना. "हातात बसलंय आता," म्हणायचे. कोळंबी आणली की त्यातली सगळ्यात ताजी बाजूला निघायची, बारीक चिरून. मी म्हणायचे, "आमच्या तोंडचं त्यांना घाला." तर हसायचे. माझ्या बोलण्यावर हे हसले, असं कितीतरी वर्षांनी होत होतं.

माशांना मंडळी म्हणायचे. सकाळी लाइट लावला की, "काय मंडळी, उठलात का?" आणि ते सगळे एकदम ह्यांच्याकडे वळायचे. सगळे एकदम. एकाने तोंड फिरवलं की बाकीच्यांनी फिरवलंच. मी स्वयंपाकघरातून डोकावून बघायचे. छान दिसायचं ते. खोटं कशाला बोलू?

एकदा स्कूटरवरून मला तारोडीला, खाडीच्या काठाशी घेऊन गेले. म्हणाले, "चल, तुला मंडळींचं गाव दाखवतो." भरती होती. खडकांच्या कडेला वाकून बसले, पँटच्या मांड्या ओल्या झाल्या, आणि एकदम हात वर केला — "बघ, बघ, तिकडे!" पाण्यात काहीतरी चकाकून गेलं. मोनोच होते की दुसरेच कसले, देव जाणे. तिथली एक म्हातारी जाळं सोडवत बसली होती, ती म्हणाली, "कय बगता एवढा? खायाचा मासा न्हाय तो." हे तिला समजावत बसले, की आमच्या घरी आहेत असे. ती ह्यांच्याकडे बघतच राहिली. येताना मी स्कूटरवर ह्यांच्या खांद्याला धरून बसले होते आणि मला बरं वाटत होतं. हे मुद्दाम सांगतेय. मी सुखात होते त्या दिवशी, आणि पुढे जे केलं ते तरीही केलं.

आता येते त्या गोष्टीवर. उगाच इकडेतिकडे फिरतेय, माझं मलाच कळतंय.

संक्रांतीनंतर माझं हळदीकुंकू असतं. आमच्या विंगमधल्या सगळ्या बायका येतात — मराठी, गुजराती, यूपीच्या, सगळ्या. वर्षातून तो एक दिवस घर माझं असतं. हे त्या संध्याकाळी बागेत जाऊन बसतात. त्या वर्षी हळदीकुंकू रविवारी ठेवलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, पालिकेचा शटडाउन, शुक्रवारपासून पाणी नाही. हे हुशार. मेसेज वाचला आणि गुरुवारीच ड्रम भरून टाकला. सकाळी टाकीची काच ब्लेडने खरवडताना बोट कापून घेतलं होतं. मीच हळद दाबून पट्टी बांधली. तरी त्याच हाताने मीठ घातलं आणि ढवळायला लागले. मी बाल्कनीच्या दाराशी तांदूळ निवडत बसले होते. पट्टीच्या आत खारं पाणी गेलं असणार, "स्सऽऽ" करून हात झटकला. मी म्हटलं, "दुसऱ्या हाताने करा ना." म्हणाले, "झालं, झालं." आणि पाइप ड्रमला टेकवून ठेवला.

हे सगळं मी बघितलं. लक्षात ठेवा.

शनिवारी हे सकाळीच वसईला भावाकडे गेले. आणि नळ कोरडा. बादल्या भरून ठेवल्या होत्या त्या भांड्यांत आणि आंघोळीत संपल्या. लादी पुसायची, बाथरूम धुवायचं, देवाची भांडी घासायची, उद्या घरभर बायका येणार. आणि बाल्कनीत तो ड्रम भरलेला. काठोकाठ.

मी आधी एक मग घेतला. मग बादली.

तुम्हाला एक माहीत आहे का, आमच्याकडे लादी पुसायच्या पाण्यात खडेमीठ टाकतात. घरात माणसं येणार असली, चार नजरा पडणार असल्या की टाकतातच. सासूबाई टाकायच्या, मीही टाकते. त्या ड्रमातल्या पाण्यात तर मीठ आयतंच होतं. मला वाटलं, चला, बरंच झालं, नजरेचंही काम झालं. अक्षरशः हेच वाटलं. माशांच्या पाण्याने मी घराची दृष्ट काढत होते. मग बाथरूम, मग संडासात बादल्या ओतल्या. बघता बघता ड्रमचा तळ दिसला.

चारच्या सुमाराला सोसायटीने टँकर मागवला आणि थोडा वेळ नळाला पाणी आलं. ब्लीचिंगचा भपकारा येत होता. मी आधी ड्रम भरला, ह्यांच्या खुणेपर्यंत बरोबर. मग मीठ? मिठाची पिशवी माळ्यावर, माप ह्यांच्या हातात. किती घालायचं मला कुठे ठाऊक? आणि ते थेंब कुठले, तेही नाही. म्हटलं, आले की सांगू. वाण आणायला बाजारात जायचं होतं, तिळगुळाचा पाक ओट्यावर होता. आणि मनात हेही होतं — एवढं काय ते मिठाचं कौतुक? दुकानात साध्या पाण्यातच होते ना?

संध्याकाळी हे आले ते वैतागून. भावाशी काहीतरी वाजलं होतं. दारात आले आणि त्याच वेळी माझा पाक करपला. वास घरभर. झालं. "तुझं लक्ष असतं कुठे गं? एक काम धड—" आणि मग ते वाक्य. मी ओठावर आलेलं गिळलं. आता ह्यांना ड्रमचं सांगायचं? आत्ता? म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी मी लाडू वळत होते. हे बनियनवर, गुडघ्यावर टॉवेल टाकून टाकीपाशी बसले. बायका येणार म्हणून नेहमीपेक्षा जास्त पाणी काढलं. "तुझ्या मैत्रिणींना आज मंडळी एकदम चकाचक दिसली पाहिजेत," म्हणाले. माझ्यासाठी करत होते. ड्रममधून बादली भरून आणली. पाइप लावला. पाणी टाकीत पडायला लागलं — मी बघत होते. हातात लाडू होता. एक शब्द बोलायचा होता फक्त. थांबा. बस, एवढाच.

नाही बोलले. का नाही बोलले? किती वेळा विचारलंय मी स्वतःला. घाबरले म्हणावं, तर घाबरण्यासारखा माणूस नाही तो. ओरडला असता आणि पाच मिनिटांत गप्प झाला असता. ते वाक्य पुन्हा ऐकावं लागलं असतं. मला ते त्या दिवशी ऐकायचं नव्हतं. माझ्या हळदीकुंकवाच्या दिवशी नाही.

हळदीकुंकू छान झालं. मासे जरा काळवंडल्यासारखे दिसत होते, सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. बायकांना काय कळतंय? "कित्ती गोड!" चाललं होतं. शेजारच्या जिग्नाबेन चप्पल काढून आत आल्या आणि म्हणाल्या, "भाभी, फर्श चिपचिपा क्यूं लग रहा है?" मिठाचं पाणी सुकलं की लादी चिकट होते, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "नया फिनाइल लाया ना." कसं पटकन सुचलं. सुचतंच की, सुचायचं असलं म्हणजे.

सोमवारी सकाळी एक मासा आडवा पडून वर तरंगत होता, कल्ले धापा टाकत होते. बाकीचे काळे पडलेले. ह्यांनी तो काचेचा काटा शोधून काढला आणि पाण्यात सोडला. मग ड्रमच्या तळाला उरलेल्या पाण्यात सोडला. तो जवळजवळ बुडालाच. बोट बुडवून जिभेला लावलं. आणि स्टुलावर बसले. बसूनच राहिले.

मग मला हाक मारली. मी गेले. म्हणाले, "अगं, गुरुवारी मी मीठ घातलं होतं ना?"

तुम्हाला सांगते, ह्या माणसाने मला तोपर्यंत कधीही असं काही विचारलं नव्हतं. कधीही. मी चुकायचं आणि ह्यांनी सांगायचं, अशी आमची वाटणी होती. आणि आता खाली बसून, मान वर करून, माझ्याकडे बघत होते. कापलेल्या बोटाला मी बांधलेली पट्टी तशीच होती. मी त्या पट्टीकडे बघत होते. मला वाटलं, आता ह्यांना आठवणार. आत्ता आठवणार.

आणि मी म्हटलं, "मला तर नाही दिसलं घालताना. तुम्ही पाणी भरलंत आणि निखिलचा फोन आला ना? फोनवर बोलत आत गेलात ते गेलातच."

निखिलचा फोन गुरुवारी आला होता, पण दुपारी, जेवताना. मी तो उचलून तिथे ठेवला. इतकं बेमालूम बसलं ते, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

ह्यांनी तो काटा पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "फोन आला होता खरा." आणि मग, "विसरलो वाटतं."

आणि इथेच ते आहे, जे मला सांगायचं होतं. खोटं बोलले ते घाईत बोलले, असं कुणी म्हणेल. पण "विसरलो" हा शब्द ह्यांच्या तोंडून ऐकला तेव्हा मला बरं वाटलं. बरं म्हणजे — आनंदच झाला. आतून कुठूनतरी गार वाटलं. मासे समोर मरत होते, हा माणूस स्टुलावर खचून बसला होता, आणि माझ्या मनात आलं, बघा आता. बघा कसं वाटतं ते.

ह्यांनी घाईघाईने पातेल्यात मीठ कालवलं आणि ओतलं टाकीत. नेहमी मला सांगायचे, हळूहळू करायचं असतं, पण त्या दिवशी मापही घेतलं नाही. मंगळवारच्या दुपारपर्यंत एकही उरला नाही. टँकरच्या ब्लीचिंगने गेले, मीठ नव्हतं म्हणून गेले की एकदम पडलं म्हणून गेले, मला माहीत नाही. मी कधी कुणाला विचारलं नाही. शेवटी दोघेच राहिले होते, तेही एकमेकांना चिकटून, आणि एकाने तोंड फिरवलं की दुसरा फिरवत होता.

ओल्या कचऱ्यात टाकायला तयार होईनात. डब्यात भरले आणि खाडीवर सोडून येतो म्हणाले. मला म्हणाले, "येतेस?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नव्हता.

इथे संपलं असतं तर मी तुमच्यापर्यंत आले नसते.

निखिलला फोनवर ह्यांनी स्वतःच सांगितलं, "माझ्या हातून गेले रे. मीठच घालायला विसरलो." निखिल पुण्याला असतो. त्याला काळजी वाटली. ह्यांच्या वडलांना शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, ते त्याने लहानपणी बघितलेलं. हे तर मलाही माहीत होतं ना? ह्यांना कशाची भीती आहे ते मला माहीत होतं. निखिल येऊन डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही, वयोमानाने होतं, शब्दकोडी सोडवा. पण एकदा डॉक्टरची पायरी चढली की माणूस स्वतःकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. हे खाली उतरायचे आणि कुलूप बघायला परत वर यायचे. गोळी घेतली की मला विचारायचे, घेतली ना? गॅससमोर उभे राहून बटणांकडे बघत राहायचे.

एक दिवस कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "तूच ठेव. माझा भरवसा नाही." मग स्कूटर काढून टाकली, रस्ता चुकलो तर काय म्हणून. वाटाणे सोलायला घेतले की विचारतात, सालं कुठे टाकायची? आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, "हो ना गं?" आज गुरुवार, हो ना गं? दूधवाला येऊन गेला, हो ना गं? मी सांगते, हो. किंवा सांगते, नाही. मी जे सांगते तेच मग झालेलं असतं.

घरात शांतता आहे. मला कोणी टोकत नाही. शोकेस परत हॉलमध्ये आली. पुष्कळ दिवस मी ती शांतता चवीने खाल्ली, हेही सांगून टाकते. बायका म्हणतात, काकी, किती करता हो काकांचं, नशीबवान आहेत. मी म्हणते, करायलाच पाहिजे.

हे आता खरंच विसरतात की नाही, ते मला कळत नाही. कधी पुतण्याचं नाव आठवत नाही, कधी तीस वर्षांपूर्वीच्या कामगाराचं आडनाव फटकन सांगतात. ह्यांच्या वडलांकडून आलंय की मी दिलंय? हे कोण सांगणार? सांगू शकणारा एकच माणूस होता आणि त्याला मी सांगून ठेवलंय की तुझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मला वाटतं मला रडू यायला हवं. येत नाही. कधीकधी डाळ ढवळताना वाटतं की आत्ता येईल, आणि मग कुकरची शिट्टी होते.

टाकी बाल्कनीत आहे, उपडी. ड्रम तिथेच. त्यात आता आम्ही साधं पाणी साठवतो, शटडाउनसाठी.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर पुन्हा तसाच मेसेज आला, शुक्रवारी पाणी नाही. मी मोठ्याने वाचून दाखवला. हे चहा पीत होते. कप खाली ठेवला आणि उजव्या हाताचं बोट चोळायला लागले. चोळता चोळता म्हणाले, "अगं, त्या वेळी मी मीठ घातलं होतं."

मी म्हटलं, "कुठल्या वेळी?"

"मंडळी गेली तेव्हा. माझं बोट कापलं होतं. तू पट्टी बांधली होतीस, हळद लावून. त्या बोटाला झोंबलं होतं मीठ. तू म्हणालीस, दुसऱ्या हाताने करा." आणि माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं तसं, सरळ. चेहरा उजळला होता. "साधं पाणी झोंबेल का असं? घातलं होतं मी. हो ना गं?"

सगळं बरोबर होतं. एक एक शब्द बरोबर होता. बोट, हळद, मी काय म्हटलं तेसुद्धा. हो म्हणायचं होतं. एकच अक्षर.

मी म्हटलं, "ते त्याच्या आधीच्या आठवड्यात कापलं होतं हो. तुमचा घोळ होतोय."

ह्यांनी बोटाकडे बघितलं. तिथे आता साधी खूणही नाही. मग कप उचलला. "असेल," म्हणाले. "तुझ्या लक्षात असतं."

मीठ त्यांनी घातलं होतं.